एकाच विहिरीचे तीन अक्षांश-रेखांश: खरा आकडा कोणता?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मोहोळ तालुक्यात तुमची शेती आहे. विहिरीच्या काठावर उभं राहून तुम्ही मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेतले. मग जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर, तीच विहीर शोधून पट्टीने आकडे काढले आणि मोबाइलमध्ये टाकले, तर टाचणी आग्नेयेला दीडएकशे मीटरवर, शेजाऱ्याच्या उसात पडली. मोजणी नकाशावर छापलेला विहिरीजवळच्या कोपऱ्याचा आकडा टाकला, तेव्हा तर टाचणी मंगळवेढ्याकडे गेली. शाळेत शिकलो की प्रत्येक जागेला एकच अक्षांश आणि एकच रेखांश असतो. मग हे तीन कुठून आले, आणि शेजाऱ्यापुढे कोणता ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात बरीच वर्षं खासगी मोजणीची कामं करतो. लेआउट, शेतरस्ते, पाइपलाइन, विहिरींची जागा, असं सगळं. तुमच्यासारखी गल्लत माझ्याकडे सतत येते आणि बहुतेक वेळा कोणाचाच आकडा खोटा नसतो. अक्षांश आणि रेखांश हे दोन कोन आहेत. कोन म्हटला की तो कुठून मोजला, कोणत्या आकाराच्या पृथ्वीवर मोजला आणि कोणत्या पद्धतीने लिहिला, हे बरोबर सांगावं लागतं. ते न सांगता नुसता आकडा दिला, तर समोरचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो. मोबाइलसुद्धा तेच करतो. तुमच्या तीन आकड्यांमागे अशा वेगवेगळ्या तीन गोष्टी आहेत. मी एकेक सोडवतो. एवढं मात्र आधीच सांगतो, की तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे काही निष्कर्ष कागदाच्या तळाशी काय छापलंय यावर अवलंबून राहतील.

सगळ्यात सोपी गोष्ट मंगळवेढ्याची, ती आधी संपवू. मोजणी नकाशावरचा आकडा बहुधा अंश, मिनिटं, सेकंद असा असणार. उदाहरणासाठी मोहोळजवळचा एक बिंदू घेऊ: उत्तर १७ अंश ४८ मिनिटं ३६ सेकंद, पूर्व ७५ अंश ३८ मिनिटं २४ सेकंद. हे सरळ १७.४८३६ आणि ७५.३८२४ असं टाइप केलं की गडबड झाली. एका अंशात ६० मिनिटं आणि एका मिनिटात ६० सेकंद असतात. ३६ सेकंदांची झाली ०.६ मिनिटं. ४८.६ भागिले ६० म्हणजे ०.८१. म्हणून दशांशातला आकडा १७.८१. तसंच रेखांशाचं, ७५.६४. चुकीच्या पद्धतीने टाकलेला बिंदू खऱ्या जागेच्या ३६ किलोमीटर दक्षिणेला आणि २७ किलोमीटर पश्चिमेला जातो, म्हणजे मंगळवेढ्याच्या परिसरातच. तुमच्या टाचणीने हाच रस्ता धरलेला दिसतो. बहुतेक नकाशा ॲपमध्ये अंशाची, मिनिटाची आणि सेकंदाची खूण देऊन आकडा तसाच टाकता येतो; नाहीतर कागदावर भागाकार करून घ्या.

आता टोपोशीटकडे वळू. त्यासाठी या रेषा पृथ्वीवर कशा बसवल्या, हे थोडं मुळातून पाहावं लागेल. हा भाग मला स्वतःला फार प्रिय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आपल्याकडे चादरीच्या मागावर उभा ताणा असतो आणि त्यातून आडवा बाणा जातो. दोन्ही धागे आपापल्यात समांतर राहतात, म्हणून चादरीचा प्रत्येक चौकोन सारखा येतो. पृथ्वीवर फक्त आडव्या रेषा, म्हणजे अक्षवृत्तं, अशी समांतर राहतात. उभी रेखावृत्तं विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि तिथून जवळ येत येत दोन्ही ध्रुवांवर एकत्र मिळतात. म्हणून अक्षांशाचा एक अंश कुठेही गेलात तरी जवळपास तेवढाच, साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तावर १११ किलोमीटर, सोलापूरला सुमारे १०६ आणि ध्रुवावर शून्य. टोपोशीट हाताळताना हे डोळ्यांना दिसतं. एकास पन्नास हजार प्रमाणाचं प्रत्येक शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचं असतं. आपल्या भागात त्याची पूर्व-पश्चिम रुंदी जमिनीवर साडेसव्वीस किलोमीटर भरते, तर श्रीनगरच्या अक्षांशावर तेवढ्याच १५ मिनिटांत २३ किलोमीटरच्या आसपास जमीन मावते.

अक्षांश निसर्गानेच दिलेला आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे अक्ष ठरतो, अक्षाची दोन टोकं ठरतात आणि बरोबर मधलं वर्तुळ म्हणजे विषुववृत्त आपोआप मिळतं. म्हणून अक्षांश आभाळाकडे बघून काढता येतो. डिसेंबरच्या निरभ्र रात्री शहराच्या उजेडापासून लांब, शेतात उभे राहा आणि ध्रुवतारा शोधा. तो क्षितिजापासून जेवढ्या अंशांवर दिसतो, तेवढाच तुमचा अक्षांश. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश होते. सोलापुरात ध्रुवतारा पावणेदोन मुठींवर सापडतो. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आतच आहे, म्हणून एवढ्याने शाळकरी पोरालाही आपला अक्षांश अंदाजे काढता येतो. दिवसा करायचं असेल तर २१ मार्चच्या सुमारास सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. दुपारची सर्वांत आखूड सावली सुमारे ३२ सेंटिमीटर भरेल. काठी एक मीटर आणि सावली ३२ सेंटिमीटर, यावरून येणारा कोन १७ अंश आणि वर थोडा. मे महिन्याच्या १० तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सोलापुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन शून्य सावली होते, तीही याच अक्षांशामुळे.

रेखांशाला असं नैसर्गिक शून्य नाही. कोणतीही एक उभी रेषा माणसांनी आपसात ठरवायची आणि तिथून मोजायला लागायचं. आपल्या ज्योतिषग्रंथांनी लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मेरूकडे, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे, जाणारी रेषा मध्यरेषा मानली. उज्जैन आजच्या मोजमापात पूर्व रेखांश ७५.७७ वर येतं, सोलापूर शहर ७५.९ वर आणि मोहोळ ७५.६४ वर. म्हणजे तुम्ही मोहोळहून सोलापूरला येता, तेव्हा साधारण अर्ध्या वाटेवर उज्जैनची मध्यरेषा ओलांडता. जगाने ती व्यवस्था चालू ठेवली असती, तर आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांचं रेखांश शून्याच्या अगदी जवळ आलं असतं. १८८४ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेची रेषा शून्य धरायचं ठरलं. तिथून आपण पूर्वेला ७५.९ अंश.

रेखांश काढायचा तो वेळेवरून. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेषेवर लावलेलं आहे. सोलापूर त्या रेषेच्या ६.६ अंश पश्चिमेला, म्हणून आपला खरा मध्यान्ह घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटं उशिरा होतो. १५ एप्रिलच्या आसपास काठीची सावली बघितलीत तर ती सर्वांत आखूड बारा वाजून सव्वीस मिनिटांच्या सुमारास होईल. इतर दिवशी सूर्य घड्याळाच्या थोडा मागेपुढे असतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह बारा-दहाच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला बारा-चाळीसच्या सुमारास. हे पंचांगवाल्यांना नीट माहीत असतं.

यातली अडचण लक्षात घ्या. सावलीच्या वेळेत एका मिनिटाची चूक झाली की रेखांश पाव अंशाने हलतो, आणि आपल्याकडे पाव अंश म्हणजे साडेसव्वीस किलोमीटर. एवढ्यात मोहोळ सोडून सोलापूर येईल. म्हणून अक्षांश हजारो वर्षांपासून बऱ्यापैकी नेमका काढता येत होता आणि रेखांशाने मात्र दर्यावर्दींना रडवलं. आपले गणिती चंद्रग्रहणाचा उपयोग करत. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी लागतं, पण प्रत्येक गावची स्थानिक वेळ वेगळी असते. त्या दोन वेळांतल्या फरकावरून देशांतर, म्हणजे रेखांशातला फरक, काढायचं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसनने समुद्रावरही वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ बनवलं, तेव्हा जहाजांचा प्रश्न सुटला.

आता तुमच्या टोपोशीटच्या मुळाशी येतो. वर मी पृथ्वी गोल धरून बोललो. प्रत्यक्षात ती ध्रुवांपाशी चपटी आहे. केंद्रापासून विषुववृत्तापर्यंत ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवापर्यंत ६३५७, म्हणजे सुमारे २१ किलोमीटरचा फरक. या चपटेपणामुळे काय होतं, ते बघा. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत अक्षांशाचा कोन पृथ्वीच्या केंद्रापाशी दाखवतात. नकाशावरचा अक्षांश तसा नसतो. पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागावर त्या जागी लंब टाकायचा आणि तो लंब विषुववृत्ताच्या पातळीशी जो कोन करतो, तो अक्षांश. पूर्ण गोल असता तर दोन्ही कोन एकच निघाले असते. सोलापूरच्या अक्षांशावर त्यांच्यात अंशाच्या सात मिनिटांपेक्षा थोडा कमी एवढा फरक पडतो, जमिनीवर जवळपास १२ किलोमीटर. पृथ्वीचा कोणता आकार धरला, याने आकड्यात किती फरक पडू शकतो याचा अंदाज यावरून येईल.

भारताच्या मोजणीसाठी हा आकार कोणता धरला? १८०२ साली मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्ब्टनने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. एक रेषा जमिनीवर साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजायची, मग थिओडोलाइट या कोन मोजायच्या दुर्बिणीने नुसते कोन घेत टेकडीवरून टेकडीवर त्रिकोण जोडत जायचं. ही साखळी कन्याकुमारीच्या बाजूने ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेला सरकत हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. आपल्या शेजारच्या बीदरजवळही तिची एक पायारेषा होती. लॅम्ब्टनचा मृत्यू १८२३ साली काम चालू असतानाच आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम नेलं, आणि १८३० साली त्याने या मोजमापांवरून पृथ्वीच्या आकाराचे आकडे काढले. भारताच्या जमिनीला सर्वांत चांगली बसेल अशी ती गणिती पृथ्वी. मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरला तिचा आरंभबिंदू धरला आणि देशभरचे अक्षांश-रेखांश तिथून मोजत आणले. मोजणीवाले याला एव्हरेस्ट डेटम म्हणतात. तुमचं जुनं टोपोशीट याच डेटमवर आहे.

मोबाइल चालतो दुसऱ्या गणिती पृथ्वीवर, तिचं नाव डब्ल्यूजीएस ८४. ती साऱ्या जगाला मिळून चांगली बसते आणि तिचं केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राशी जुळवलेलं आहे, कारण उपग्रह त्याच केंद्राभोवती फिरतात. एव्हरेस्टच्या गणिती पृथ्वीचं केंद्र या केंद्रापासून बरंच बाजूला आहे. म्हणून एकाच विहिरीला दोन डेटमवर दोन वेगळे कोन मिळतात. मोहोळ-सोलापूरच्या भागात एव्हरेस्टचे आकडे जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाकले, तर बिंदू साधारण शंभर मीटर दक्षिणेला आणि जवळपास तेवढाच पूर्वेला पडतो. दोन्ही मिळून आग्नेयेला दीडशे मीटरच्या आसपास. तुमची टाचणी शेजाऱ्याच्या उसात पडली ती यामुळे. त्यात पट्टीची चूकही धरा: एकास पन्नास हजार प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की २५ मीटर गेले.

शीट कोणत्या डेटमचं आहे हे त्याच्या कडेलाच कळतं. मोहोळ ४७ ओ/९ वर येतं, सोलापूर शहर ४७ ओ/१४ वर; ७६ अंशाची रेषा ओलांडून अक्कलकोटकडे गेलात की मोठ्या विभागाचा क्रमांकच बदलून ५६ सुरू होतो. असे क्रमांक असलेली जुनी शीटं एव्हरेस्टवर आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने जी ओपन सीरिज शीटं काढली, ती डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. त्यांचे आकडे मोबाइलशी थेट जुळतात. जुन्या शीटवरचा आकडा वापरायचाच असेल, तर संगणकावर डेटम बदलून घ्या. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते होतं. असं रूपांतर साध्या सूत्राने केलं तर दहा-पंधरा मीटरची चूक उरते, हे मात्र गृहीत धरा.

असं फक्त आपल्याकडेच झालंय, असं समजू नका. ग्रिनिच वेधशाळेत जमिनीवर जी शून्य रेषेची पट्टी बसवलेली आहे, तिच्यावर मोबाइल धरला तर शून्य येत नाही. आजचं शून्य तिच्या पूर्वेला १०२ मीटरवर आहे. जुनी रेषा ओळंब्यावर विसंबून ठरवलेली होती आणि ओळंबा सगळीकडे नेमका पृथ्वीच्या गणिती आकाराला लंब पडत नाही. जमिनीखालच्या जड-हलक्या खडकांनी तो किंचित कलतो. हिमालयाजवळ एव्हरेस्टच्या माणसांनाही हाच त्रास झाला होता.

आतापर्यंतचा हिशेब असा: मंगळवेढ्याकडे गेलेला आकडा लिहिण्याच्या पद्धतीने चुकला, उसात पडलेला आकडा डेटमने. राहिला तुमचा मोबाइल.

मोबाइल आधी अक्षांश-रेखांश काढतच नाही. प्रत्येक जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि आपल्या अणुघड्याळाची वेळ कळवत असतो. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. कमीत कमी चार उपग्रह लागतात, कारण तीन दिशांची तीन मापं आणि चौथी अनोळखी गोष्ट म्हणजे मोबाइलच्या साध्या घड्याळाची चूक. यातून पृथ्वीच्या केंद्रापासूनची जागा मिळते आणि नंतर तिचं डब्ल्यूजीएस ८४ वर कोनांत रूपांतर होतं. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा वेळेत किती बारकावा लागतो ते बघा. उघड्या आभाळाखाली चांगला मोबाइल तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. झाडाखाली, पत्र्याच्या शेडजवळ किंवा विहिरीच्या उंच कठड्याला लागून उभे असाल, तर संदेश आपटून येतात आणि चूक दुप्पट-तिप्पट होते.

आकड्याच्या शेपटीला त्यामुळे फार भुलू नका. दशांशानंतरचं चौथं स्थान म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर, पाचवं म्हणजे सव्वा मीटरच्या आत, सहावं म्हणजे ११ सेंटिमीटर. मोबाइल सात-आठ स्थानं दाखवतो म्हणून तो सेंटिमीटरपर्यंत बरोबर ठरत नाही. त्याच्या आकड्यातली पाच स्थानं लिहून घ्या, पुढची सोडून द्या. सेंटिमीटरचा बारकावा हवा असेल तर रोव्हर हे मोजणीचं उपग्रह-यंत्र लागतं. ते ठरावीक जागी कायम बसवलेल्या स्थानकाच्या नोंदीशी आपली नोंद ताडून चूक काढून टाकतं, आणि नीट वापरलं तर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा देतं. हल्ली सरकारी मोजणीतही रोव्हर येतात आणि मोजणी नकाशावर कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापलेले दिसतात, ते याच पद्धतीने.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, पण ज्यांना पुढे वीस-तीस वर्षं टिकणारी नोंद ठेवायची आहे त्यांनी ती लक्षात ठेवावी. भारताची सगळी भूमी दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते आहे. डब्ल्यूजीएस ८४ चा सांगाडा या सरकण्याबरोबर हलत नाही. म्हणून आज नेमका मोजलेला दगड वीस वर्षांनी त्याच पद्धतीने मोजला तर आकडा मीटरभर वेगळा येऊ शकतो. तुमचा बांध आणि शेजाऱ्याचा बांध एकमेकांपासून मात्र तेवढ्याच अंतरावर असतात, कारण दोघेही बरोबरच सरकतात. म्हणून नेमक्या मोजणीच्या कागदावर तारीख हवीच.

आता शेजाऱ्यापुढे काय ठेवायचं, या तुमच्या खऱ्या काळजीकडे येतो. आपल्या भागातले गावनकाशे आणि गटांची मूळ मापं अक्षांश-रेखांशावर आधारलेली नाहीतच. ती ३३ फुटी साखळीने आणि तिच्या सोळा आण्यांनी, म्हणजे सोळा समान भागांनी, जमिनीवर मोजलेली आहेत; ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे माप तिथूनच आलंय. त्या नकाशात एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचं अंतर महत्त्वाचं, ती खूण जगात कुठे आहे याला अर्थ नव्हता. नंतर हे कागद स्कॅन करून, रस्त्याचे फाटे, ओढे, गावठाणाचे कोपरे जुळवत उपग्रहाच्या चित्रावर बसवले गेले. कागद आक्रसलेला असतो, जुळवणीत थोडं इकडे-तिकडे होतं आणि चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. म्हणून ॲपमध्ये गटाची रेघ तुमच्या बांधावर तंतोतंत बसत नाही. ती बघून बांध उकरायला जाऊ नका; माझ्या डोळ्यांदेखत यावरून भावाभावांत बोलणं बंद झालंय.

ज्यांना स्वतः अंतर-क्षेत्रफळ तपासायचं आहे, त्यांच्यासाठी आणखी थोडं. कोनांवरून गुंठे काढता येत नाहीत. आधी ते सपाट कागदावर मीटरमध्ये आणावे लागतात. आम्ही त्यासाठी यूटीएम ही पद्धत वापरतो; तिच्यात पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा सपाट केलेला असतो. तिचा ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंशांचा, मधली रेषा ७५ अंशांची. सोलापूरचा पूर्वेचा आकडा त्यात ५ लाख ९६ हजार मीटरच्या आसपास येतो आणि उत्तरेचा १९ लाख ५३ हजारांच्या आसपास. गोल पृथ्वी सपाट करताना कुठेतरी ताण पडणारच. सोलापुरात यूटीएमवरचं एक किलोमीटर जमिनीवर टेपने मोजलं तर तीसेक सेंटिमीटर जास्त भरतं. शेताच्या दोनशे मीटरच्या बांधाला हा फरक पाच-सात सेंटिमीटरचा, म्हणून वादाचं कारण होत नाही. लांब पाइपलाइनला किंवा रस्त्याला मात्र हिशेबात धरावा लागतो.

तुम्ही पुढे काय करावं, ते तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. बोअरवाल्याला, वीज कंपनीच्या माणसाला किंवा विम्याच्या अर्जाला विहीर कुठे आहे हे सांगायचं असेल, तर मोबाइलचा आकडा पुरेसा. काठापासून थोडं बाजूला, उघड्यावर उभे राहा, पाच-दहा मिनिटं मोबाइल स्थिर धरा, आणि सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा असे आकडे घेऊन जुळतात का बघा. लिहिताना दशांशात पाच स्थानं, पुढे डब्ल्यूजीएस ८४ आणि तारीख. टोपोशीटवरचा आकडा या कामाला वापरू नका.

हद्दीचा प्रश्न असेल, तर मोजणी नकाशाची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर धारकाला मिळणारी प्रत, हातात घ्या. कोपऱ्यांचे आकडे अंश-मिनिटं-सेकंदांत आहेत की दशांशात, डेटम आणि मोजणीची तारीख छापली आहे का, आणि कोपऱ्याकोपऱ्यांतली अंतरं दिली आहेत का, हे बघा. अंतरं दिली असतील तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन दोघांनी मिळून टेपने एक-दोन बाजू मोजा. ती जुळली तर बहुतेक वेळा तिथेच समाधान होतं. खुणेचे दगड सापडत नसतील किंवा अंतरं जुळत नसतील, तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. त्यात लगतच्या धारकांना नोटीस जाते, मोजणी सगळ्यांसमोर होते आणि खुणा जागेवर दाखवल्या जातात. त्या दिवशी रोव्हर असेल, तर प्रत्येक कोपऱ्याचे आकडे क प्रतीवर घालून द्यायची विनंती करा आणि कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब लगेच पुरून घ्या.

क प्रतीच्या तळाशी काय छापलंय ते कळवलंत, तर तुमच्या टोपोशीटच्या आकड्याचं रूपांतर मी करून देईन.